लोणावळ्याची शिबिरसभा आणि केडगावचे मुक्तिसदन : श्रद्धा व सामाजिक न्याय यांच्या संबंधाचा एक अध्याय

पश्चिम भारतातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा इतिहास आजवर बहुधा मिशनांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अमेरिकन मराठी मिशनची १८१३ मधील मुंबईतील स्थापना, १८२३ मध्ये कोकणात आलेले स्कॉटिश मिशनरी, १८४२ पासून निघू लागलेला ‘ज्ञानोदय’, शाळा, मुद्रणालये आणि बायबलची भाषांतरे हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. परंतु ख्रिस्ती समाज केवळ संस्थांतून घडला नाही. ठिकठिकाणच्या मंडळ्या वर्षातून एकदा एकत्र जमत, काही दिवस उपासनेत व विचारविनिमयात घालवीत आणि मग आपापल्या कामावर परतत. अशा मेळाव्यांत जे निश्चय होत, त्यांची नोंद इतिवृत्तांत क्वचितच सापडते. मात्र त्यांचे परिणाम पुढे समाजजीवनात दिसून येतात. श्रद्धेचे हे मेळावे आणि सामाजिक न्यायाची कार्ये यांचा परस्परसंबंध कोणत्या स्वरूपाचा होता, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास मावळातील लोणावळे येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरणारी शिबिरसभा हे एक उपयुक्त उदाहरण आहे. १८९६ च्या सुमारास पंडिता रमाबाई या सभेस आपल्या पंधरा विद्यार्थिनींसह उपस्थित होत्या, आणि तेथे त्यांनी केलेली एक प्रार्थना त्यांच्या चरित्रकारांनी विशेष आवर्जून नोंदविली आहे. त्या प्रार्थनेनंतर वर्षाच्या आतच मध्य प्रांतातील दुष्काळ, पुण्यातील प्लेग आणि केडगाव येथील वसाहतीचा आरंभ या घटना घडल्या. प्रार्थना, दुष्काळ व वसाहत यांची ही सांगड भक्तांच्या दृष्टीने ईश्वरी योजनेची साक्ष होय. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तीत कार्यकारणभाव कोठे आहे आणि केवळ कालानुक्रम कोठे आहे, हे वेगळे करून पाहावे लागते.

स्थानाचे स्वरूप

लोणावळे हे आधुनिक काळातील महत्त्वास चढले ते लोहमार्गामुळे. त्याच्या परिसराचे प्राचीनत्व कार्ले, भाजे व बेडसे येथील लेण्यांवरून सर्वांस ठाऊक आहे. लोहगड व विसापूर हे किल्ले मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोणावळे हे घाटमाथ्यावरील एक लहान गाव होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि बोरघाटाचा अवघड चढ २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून मुंबई व पुणे ही दोन शहरे अखंड लोहमार्गाने जोडली गेली. घाट चढून आलेल्या गाड्यांसाठी लागणाऱ्या इंजिनांची व्यवस्था लोणावळ्यास असल्याने तेथे रेल्वेच्या नोकरांची वसाहत उभी राहिली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या वसाहतीचे वर्णन आढळते. तीत युरोपीय व अर्धयुरोपीय कुटुंबांसाठी शाळा आणि ख्रिस्ती उपासनामंदिरेही होती.

या वसाहतीच्या पायाशी असलेले श्रम विसरता येत नाहीत. बोरघाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात येताच अल्पावधीत मरण पावले आणि त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावाने ते कंत्राट पुढे पुरे झाले, ही गोष्ट रेल्वेच्या इतिहासात नोंदलेली आहे. पटकी, ताप व अपघात यांनी मेलेल्या हजारो मजुरांची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत. ज्या घाटमाथ्यावर पुढे भक्तांचे तंबू पडले, तो घाट अशा अनाम माणसांच्या कष्टाने सुगम झाला होता. श्रद्धेच्या मेळाव्याचा आणि न्यायाच्या प्रश्नाचा संबंध पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

शिबिरसभेची परंपरा

शिबिरसभा किंवा ‘कँप मीटिंग’ हा प्रकार मूळचा अमेरिकेतील सरहद्दीवरच्या वसाहतींचा. जेथे चर्चची इमारत नाही, नियमित पाळक नाही आणि वस्ती विरळ आहे, अशा प्रदेशातील लोक वर्षातून काही दिवस एखाद्या माळावर तंबू ठोकून राहत आणि सकाळ-संध्याकाळ प्रवचने, गायन व सामुदायिक प्रार्थना करीत. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकी राज्यातील केन रिज येथे भरलेली सभा या परंपरेत विशेष प्रसिद्ध आहे. पुढे मेथडिस्ट मंडळ्यांनी हा प्रकार आपलासा केला व त्यास शिस्त आणली.

या सभांचे सामाजिक परिणाम दुहेरी होते. एकीकडे त्यांचा सर्व भर व्यक्तीच्या अंतःकरणपालटावर असे. समाजरचनेची चिकित्सा हे त्यांचे प्रयोजन नव्हते. दुसरीकडे, पवित्र आत्म्याची प्रेरणा कोणासही होऊ शकते या सिद्धान्तामुळे प्रस्थापित अधिकारास तेथे धक्का बसे. स्त्रियांनी बोलावे, कृष्णवर्णीयांनी साक्ष द्यावी, अशिक्षितांनी विद्वानांस उपदेश करावा, हे अन्यत्र दुर्मीळ असलेले प्रकार शिबिरसभेत घडत. गुलामगिरीत जन्मलेल्या ॲमांडा स्मिथ या कृष्णवर्णीय धर्मोपदेशिका याच परंपरेत पुढे आल्या आणि १८७९ मध्ये भारतातही आल्या. पुरुष, गोरा वर्ण व पदवी यांवाचून धर्मपीठावर उभे राहता येते, हे त्यांच्या रूपाने येथील ख्रिस्ती मंडळींनी प्रत्यक्ष पाहिले.

पश्चिम भारतात मेथडिस्ट मंडळ्यांचा उदय विल्यम टेलर यांच्या १८७१ च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या कार्यातून झाला. मुंबईतील वयोवृद्ध मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांस येऊन मिळाले. टेलर यांच्या मंडळ्या परदेशी द्रव्यावर न विसंबता स्वतःच्या वर्गणीवर चालाव्यात असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा पहिला आधार इंग्रजी बोलणारा, विशेषतः रेल्वे व इतर नोकऱ्यांतील वर्ग हा होता. मुंबई व पुणे यांच्या मध्यावर असलेले, थंड हवेचे आणि रेल्वेच्या वसाहतीचे लोणावळे हे ठिकाण त्यामुळे शिबिरसभेस सर्वथा सोयीचे ठरले. दोन्ही शहरांतील मिशनरी, शिक्षिका, दायी, कारकून व त्यांची कुटुंबे आगगाडीने काही तासांत तेथे पोहोचू शकत. ज्या लोहमार्गाने कापूस मुंबईस उतरत होता, त्याच लोहमार्गाने ही मंडळी घाट चढून येत होती.

रमाबाईंची पूर्वपीठिका

पंडिता रमाबाई १८९६ मध्ये लोणावळ्यास आल्या तेव्हा त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. त्यांच्या पूर्वायुष्यातील दोन अनुभव येथे महत्त्वाचे आहेत. पहिला दुष्काळाचा. तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर निर्वाह करणारे त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई हे दोघेही मद्रास इलाख्यातील दुष्काळात उपासमारीने खंगून मरण पावले. त्या वेळी रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. दुसरा अनुभव वैधव्याचा. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला; १८८२ च्या फेब्रुवारीत ते वारले आणि तान्ह्या मनोरमेसह रमाबाई पुण्यास आल्या. भूक आणि वैधव्य या दोन विपत्ती त्यांनी ग्रंथांतून नव्हे, स्वतःच्या जीवनातून जाणल्या होत्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर जो गहजब झाला त्यात महात्मा जोतीराव फुले हे त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मधील ‘सत्सार’च्या अंकांत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. १८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत होत्या. तेथे त्यांची गुलामांच्या मुक्तीसाठी झगडलेल्या हॅरिएट टबमन यांच्याशी भेट झाली आणि तेथेच ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा त्यांचा ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. अट एकच, शाळेत धर्मशिक्षण दिले जाऊ नये.

या अटीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक त्याच्या सल्लागार मंडळात होते. सदनात जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. ब्राह्मण मुलींच्या स्वयंपाकाची व्यवस्था स्वतंत्र होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, ही या संस्थेच्या तत्कालीन सामाजिक कार्याची मोठी खूण होय. परंतु त्याच वर्षी काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसतात यावरून वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. तटस्थतेचे वचन देऊन उभारलेल्या संस्थेत संचालिकेच्या श्रद्धेचा प्रभाव पडू नये, ही पालकांची अपेक्षा रास्त होती. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा आपणास अधिकार आहे व कोणासही आपण बोलावीत नाही, हे रमाबाईंचे उत्तरही निराधार नव्हते. परंतु या वादाने एक गोष्ट निश्चित झाली. पुण्यातील सुधारक वर्गाचा आश्रय संपला, अमेरिकेतील साहाय्याची मुदत १८९८ मध्ये संपणार होती, आणि रमाबाईंस आपल्या कार्यासाठी नवा आधार शोधणे प्राप्त झाले. केडगावजवळ शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन तीवर विहिरी व फळबाग करण्याची त्यांची योजना याच काळातील आहे. धर्मचिंतनातही त्यांचे परिवर्तन होत होते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी म्हटले आहे, की बाप्तिस्म्याने आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु ख्रिस्त लाभण्यास त्यानंतर आठ वर्षे जावी लागली. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर व जॉन पेटन यांची चरित्रे वाचून, वर्गणीची याचना न करता केवळ श्रद्धेवर चालणारे कार्य भारतात का होऊ नये, असा विचार त्या करू लागल्या होत्या.

लोणावळ्यातील प्रार्थना

अशा मनःस्थितीत रमाबाई लोणावळ्याच्या शिबिरसभेस आल्या. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेल्या पंधरा मुली होत्या. हेलन डायर यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात व पुढील चरित्रांतही जो प्रसंग वर्णिला आहे तो असा : एके दिवशी पहाटे रमाबाई शिबिरापासून दूर रानात प्रार्थनेस गेल्या, आपणास मिळालेल्या पंधरा कन्यांबद्दल त्यांनी ईश्वराचे आभार मानले आणि पुढील शिबिरसभेपर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस कन्या मिळाव्यात, अशी याचना केली. शारदा सदनात त्या वेळी तेवढ्या मुलींस राहण्यास जागाही नव्हती.

या प्रार्थनेचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ती संख्येची प्रार्थना आहे, आणि ती संख्या आत्म्यांची आहे. ती करताना रमाबाईंपुढे दुष्काळ नव्हता. १८९६ चा पावसाळा अद्याप यावयाचा होता. पावसाने दगा दिल्यावर जो प्रश्न उभा राहिला, त्याची कल्पना त्या पहाटे कोणासच नव्हती. म्हणून प्रार्थनेतून दुष्काळसेवा निघाली असे सरळ विधान करणे इतिहासास धरून होणार नाही. फार तर असे म्हणता येईल, की लोणावळ्याहून परतलेल्या रमाबाई संस्थेच्या मर्यादेपलीकडे जाण्यास मनाने सिद्ध झाल्या होत्या. जागा नाही, द्रव्य नाही, सल्लागार नाहीत ही कारणे त्यांस आता पुरेशी वाटत नव्हती. शिबिरसभेने त्यांस कार्यक्रम दिला नाही. कार्याचे भय मात्र घालविले.

दुष्काळ आणि प्लेग

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्याच्या बातम्या वाचून रमाबाईंस आपल्या आईबापांच्या मृत्यूचे स्मरण झाले व त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामे व अनाथगृहे यांची त्यांनी पाहणी केली. तेथे त्यांस दिसले ते केवळ अन्नाचे दुर्भिक्ष नव्हते. अनाथ मुली व तरुण विधवा यांना फसवून नेणारे दलाल त्या प्रदेशात हिंडत होते, आणि मदतकार्यावरील मुकादमांपासूनही स्त्रियांची अब्रू सुरक्षित नव्हती. या निरीक्षणांचा वृत्तान्त त्यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. दुष्काळ सर्वांवर सारखा पडत नाही, तो दुर्बळांतील दुर्बळांवर अधिक पडतो, हा त्या वृत्तान्ताचा सारांश होय. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारिणींच्या साहाय्याने त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया पुण्याकडे आणल्या.

परंतु पुण्यात त्याच वेळी प्लेग पसरला होता. शहरात नव्या मुली आणून ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, त्यामुळे त्यांची व्यवस्था केडगावच्या शेतावर तंबू व झोपड्या उभारून करावी लागली. ‘मुक्ती’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली वसाहत अशी दुष्काळ व साथ यांच्या कात्रीतून जन्मास आली. जी जमीन भविष्यातील उत्पन्नासाठी घेतली होती, ती तत्काळ आश्रयस्थान झाली.

प्लेगच्या निवारणासाठी पुण्यात वॉल्टर रँड यांच्या नेतृत्वाखाली जे उपाय योजिले गेले व घरांची झडती घेण्यासाठी गोऱ्या सैनिकांचा जो उपयोग केला गेला, त्याने लोकांत तीव्र क्षोभ माजला. या क्षोभात रमाबाईंनी घेतलेली भूमिका त्यांच्या न्यायबुद्धीची कसोटी मानली पाहिजे. मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असा स्पष्ट आरोप त्यात होता आणि आपल्या आश्रयातील एका मुलीच्या बाबतीत घडलेल्या प्रकाराचा त्यास आधार होता. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळून लावले. रमाबाईंनी मात्र आपले म्हणणे मागे घेतले नाही. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांना, प्लेगच्या कामावरील सैनिकांविषयी इंग्लंडात केलेल्या विधानांस पुरावा देता न आल्याने, जाहीर क्षमायाचना करावी लागली होती. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली व शहरावर दडपशाहीचे सावट पसरले. अशा काळात एका ख्रिस्ती स्त्रीने ख्रिस्ती पत्रातून ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कारभारावर उघड टीका करणे हे सामान्य धैर्य नव्हते. ज्यांनी रमाबाईंस परकीयांच्या हस्तक म्हणून हिणविले होते, त्यांच्या मताशी ही घटना जुळत नाही.

केडगावातील परिवर्तन व त्याच्या मर्यादा

लोणावळ्यात मागितलेल्या दोनशे पंचवीस कन्यांची प्रार्थना सफळ झाली, असे चरित्रकारांनी केडगावातील बाप्तिस्म्यांच्या आधारे मानले आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र दुसरे एक परिवर्तन अधिक महत्त्वाचे आहे. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. रमाबाईंच्या अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नावच त्या मर्यादेचे द्योतक आहे. दुष्काळाने ती मर्यादा पुसून टाकली. मध्य प्रांतातून व १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या मुलींत सर्व जातींच्या मुली होत्या. दुसऱ्या दुष्काळानंतर वसाहतीची लोकसंख्या दीड हजारांच्या पलीकडे गेली. एवढ्या मुलींचे स्वयंपाक, पाणी व झोपण्याची जागा जातिपरत्वे विभागणे शक्य नव्हते आणि इष्टही मानले गेले नाही. सुधारकांच्या सभांत जो प्रश्न अनेक वर्षे ठरावांच्या पातळीवर राहिला, तो केडगावात सामुदायिक पंक्तीने निकालात निघाला.

श्रमाविषयीची दृष्टीही तेथे बदलली. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलाचा घाणा व छापखाना ही कामे मुली स्वतः करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे जुळविण्याचे कामही मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी केले. अंध व वृद्ध स्त्रियांसाठी आणि समाजाने ‘पतित’ ठरविलेल्यांसाठी स्वतंत्र सदने निघाली. स्त्रीचे वैधव्य, जात किंवा पूर्वचरित्र हे तिच्या जीवनाचे अंतिम माप नव्हे, हा सिद्धान्त येथे दैनंदिन व्यवहारात उतरला.

तथापि या कार्याच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. उपाशी असलेल्या अल्पवयीन मुलीने अन्नदात्याचा धर्म स्वीकारला तर त्यास स्वातंत्र्य म्हणावे काय, हा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि तो सहजी टाळण्यासारखा नाही. मुक्तीतील शेकडो बाप्तिस्म्यांमागे श्रद्धा किती, कृतज्ञता किती आणि दुसरा मार्ग नसणे किती, याचे पृथक्करण आज करणे दुष्कर आहे. यावर दोन गोष्टी सांगता येतात. एक, या मुलींस परत जाण्यास घर उरले नव्हते. ज्या समाजाने त्यांच्या धर्माची चिंता वाहिली, त्याने त्यांच्या भाकरीची चिंता क्वचितच वाहिली. दोन, रमाबाईंनी धर्मांतरितांस मिशनांच्या किंवा सरकारच्या ताबेदारीत दिले नाही. इंग्लंडातील आपल्या धर्मगुरूंशी व भगिनींशीही त्यांनी तत्त्वप्रश्नांवर कठोर वाद घातले होते. हे युक्तिवाद आक्षेपाची धार कमी करतात, आक्षेप नाहीसा करीत नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. १९०५ मध्ये मुक्तीत जी धार्मिक जागृती झाली, तीत रात्रंदिवस प्रार्थना चालत. मिनी एब्रॅम्स या मेथडिस्ट परंपरेतील सहकारिणीने तिचे वर्णन लिहून जगभर पोहोचविले. लोणावळ्याची शिबिरसभा वर्षातून काही दिवस असे. मुक्ती जणू अखंड शिबिरसभा झाली. परंतु जसजशी वसाहत अंतर्मुख होत गेली, तसतसा तिचा महाराष्ट्रातील सार्वजनिक चळवळींशी संबंध विरळ होत गेला. १८८९ च्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात स्त्रीप्रतिनिधी म्हणून बसलेल्या, १८९७ मध्ये गव्हर्नरास उत्तर देणाऱ्या रमाबाई उत्तरायुष्यात भाषांतर व उपासना यांत मग्न झाल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. आश्रय देणे हे न्यायाचे एक अंग आहे. ज्या व्यवस्थेमुळे आश्रयाची गरज पडते ती बदलणे हे दुसरे. मुक्तीने पहिले अंग अपूर्व निष्ठेने सांभाळले, दुसरे बहुतांशी इतरांवर सोडले.

उत्तरकालीन कसोटी

ही उणीव एकट्या केडगावची नव्हती. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतीय ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. त्याचा वृत्तान्त ‘जनता’ पत्रात प्रसिद्ध झाला. येवल्याच्या १९३५ मधील घोषणेनंतर धर्मांतराचा प्रश्न देशभर चर्चिला जात होता आणि ख्रिस्ती मंडळींस त्यात विशेष रस होता. बाबासाहेबांनी ख्रिस्ताविषयी आदर व्यक्त केला, परंतु ख्रिस्ती समाजास काही कटू गोष्टीही ऐकविल्या. या समाजात शिक्षण पुष्कळ आहे, पण शिकलेली मुले-मुली नोकरी मिळताच आपापल्या संसारात गुंततात. अन्यायाविरुद्ध झगडण्याची जी वृत्ती अशिक्षित अस्पृश्यांत दिसते ती त्यांच्यात दिसत नाही. मिशनऱ्यांनीही धर्मांतरितांच्या राजकीय हक्कांकडे लक्ष पुरविले नाही, आणि दक्षिणेत तर चर्चमध्येच जातिभेद टिकून आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

लोणावळ्याच्या शिबिरसभेपासून बेचाळीस वर्षांनी झालेल्या या भाषणात त्या परंपरेचे नेमके मर्म व वैगुण्य प्रकट झाले आहे. अंतःकरणपालटाने व्यक्ती निर्भय होते, परंतु निर्भय व्यक्तींची संघटना आपोआप होत नाही. पुढे २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे नाताळाच्या दिवशी, बाबासाहेबांनी त्याच लोहमार्गावरील देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. श्रद्धेचा मेळावा व न्यायाची चळवळ ही दोन्ही एकाच वेळी कशी होऊ शकतात, याचे उत्तर महाराष्ट्रास अखेर त्या दीक्षाभूमीवर मिळाले.

तरीही लोणावळ्याचे ऐतिहासिक महत्त्व यामुळे कमी होत नाही. भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे पुढे विविध प्रकारे एकत्रीकरण झाले. उत्तर भारतीय चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, तर मेथडिस्ट मंडळ्या त्या ऐक्यापासून अलग राहून १९८१ मध्ये स्वायत्त झाल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलित ख्रिस्ती विचारवंतांनी चर्चमधील जातिभेदाचा प्रश्न चर्चच्याच सभांत उपस्थित केला. म्हणजे बाबासाहेबांनी जी उणीव दाखविली ती भरून काढण्याचा प्रयत्न त्याच परंपरेच्या आतून सुरू झाला. या दीर्घ वाटचालीत १८९६ ची शिबिरसभा हा आरंभबिंदू नव्हे आणि शेवटही नव्हे. तो एक निर्णायक टप्पा होय.

सारांश, लोणावळ्यातील प्रार्थनेने दुष्काळ आणला नाही, तसेच दुष्काळाचा प्रतिकारही केवळ प्रार्थनेने झाला नाही. तो झाला विहिरी खणून, तंबू उभारून, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून मुली आणून, अधिकाऱ्यांशी वाद घालून व सर्व जातींच्या मुलींस एका पंक्तीस बसवून. परंतु हे सर्व करण्याचे सामर्थ्य रमाबाईंस कोठून आले, या प्रश्नाचे त्यांचे स्वतःचे उत्तर श्रद्धा हेच होते. पुण्यातील सुधारकांचा आधार तुटल्यावर आणि परदेशी साहाय्याची मुदत संपत आली असता एका एकाकी विधवेने तीनशे उपाशी जिवांचा भार उचलला. द्रव्यबळ व लोकबळ यांच्या हिशेबात या घटनेचा उलगडा होत नाही. श्रद्धेच्या मेळाव्यांचा इतिहास सामाजिक न्यायाच्या इतिहासातून वगळता येत नाही, तो एवढ्याचसाठी. त्याच वेळी, मेळाव्यातून निघालेली करुणा हक्कांच्या मागणीपर्यंत पोहोचली की नाही, ही कसोटीही त्यास लावल्यावाचून चालत नाही.